संत गोरोबाकाका : हातातील काम आणि मनातील नाम

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणा नदीच्या काठी वसलेले गाव वैराग्यमहामेरू संत गोरोबाकाकांची जन्मभूमी, कर्मभूमी आणि समाधिभूमी म्हणून वारकरी संप्रदायात वंदनीय मानले जाते. दर्शनासाठी येणाऱ्या बहुतेक भाविकांना गोरोबाकाकांची एक कथा लहानपणापासून ठाऊक असते. चिखल तुडविता तुडविता नामस्मरणात देहभान हरपले आणि पोटचे मूल पायाखाली आले, ती ही कथा. परंतु तेवढ्या एका प्रसंगात गोरोबांचे चरित्र सामावत नाही. रोजचे काम करीत असता मन कोठे असावे, हा प्रश्न त्यांच्या सबंध आयुष्यात पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. आज मन अवधानात ठेवण्याच्या साधनेविषयी जगभर बोलले जात असताना, सातशे वर्षांपूर्वी एका कुंभाराने चाकाशेजारी बसून हा प्रश्न कसा सोडविला, हे यात्रेकरूंनी समजून घेण्यासारखे आहे.

तेर नगरी

गोरोबांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून तेर हे मातीच्या कलेचे गाव होते. प्राचीन काळी यास तगर असे नाव होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे शहर म्हणून तगरचा उल्लेख येतो. येथील कापड व इतर माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, हे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्लीट या अभ्यासकाने दाखवून दिले. सातवाहन काळातील मातीच्या मूर्ती, भांडी, मणी, शंखाचे अलंकार आणि हस्तिदंती पुतळी या गावाच्या पांढरीतून निघाली. येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय गावातच आहे. येथील प्राचीन विटा वजनाला इतक्या हलक्या असत, की त्या पाण्यावर तरंगतात. त्रिविक्रमाचे पुरातन मंदिरही विटांचेच असून त्याचा मागील भाग चैत्यगृहासारखा अर्धवर्तुळाकार आहे. सांगावयाचे ते एवढेच, की ज्या मातीत गोरोबांचे पाय मळले, त्या मातीला त्यांच्या आधी हजार-बाराशे वर्षे कुशल हात लागत आले होते.

जन्म व कुळ

परंपरेनुसार गोरोबांचा जन्म शके ११८९ म्हणजे इ. स. १२६७ मध्ये झाला. वडिलांचे नाव माधवबुवा व आईचे नाव रखुमाई. दोघेही विठ्ठलभक्त होते. या दांपत्याची आधीची अपत्ये जगली नाहीत आणि पांडुरंगाच्या कृपेने गोरोबा वाचले, अशी कथा गावात सांगितली जाते. घरात पिढीजात कुंभारकाम होते. मडकी, रांजण, घागरी, पणत्या घडवाव्यात, बाजारात विकाव्यात आणि त्यावर प्रपंच चालवावा, अशी साधी राहणी होती. गोरोबांचा विवाह संती यांच्याशी झाला.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा होता. १२७१ मध्ये रामचंद्रदेव गादीवर आला, तेव्हा गोरोबा चार वर्षांचे होते. १२९६ मध्ये अल्लाउद्दिन खिलजीने देवगिरीवर चाल केली आणि त्याच वर्षी ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदी येथे समाधी घेतली. गोरोबांच्या देहावसानाच्या सुमारास यादवांचे राज्यही लयास गेले. राज्ये अशी उलथत असता तेरच्या कुंभारवाड्यात चाक फिरत होते. राजांच्या नोंदी ताम्रपटांवर व शिलालेखांवर झाल्या, तर कुंभाराचे चरित्र लोकांच्या तोंडी आणि संतांच्या अभंगांत राहिले. पुढे ताहाराबादच्या महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजय ग्रंथात ते सविस्तर गुंफले. आज आपल्याला ठाऊक असलेल्या बहुतेक कथा याच मार्गाने आलेल्या आहेत.

कुंभारकाम हीच साधना

गोरोबांनी संसार सोडला नाही, वनात गेले नाहीत, आसन घालून स्वतंत्र तपश्चर्या केली नाही. हे वारकरी संतांचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात, नरहरी महाराजांनी सोनाराच्या बागेसरीपाशी, सेना महाराजांनी धोकटी काखेत घेऊन आणि चोखोबांनी कष्टाची कामे करीत ज्या देवाला आळविले, त्याच देवाला गोरोबांनी चिखलात उभे राहून आळविले. कामासाठी एक वेळ आणि देवासाठी वेगळी वेळ, अशी वाटणी या मंडळींनी केली नाही. दिवसाचे बारा तास कष्टात जाणाऱ्या माणसाला ती परवडणारीही नव्हती.

कुंभारकाम ज्यांनी जवळून पाहिले असेल, त्यांना या साधनेचा अर्थ अधिक कळेल. माती आणून ती वाळवावी लागते, कुटावी लागते, चाळून तिच्यातील खडे काढावे लागतात. मग ती भिजत घालून, राख किंवा लीद मिसळून पायांनी तुडवितात. हे तुडविणे वरवर पाहता केवळ श्रमाचे काम वाटते, पण ते तसे नाही. कुंभाराचा तळपाय मातीशी बोलत असतो. कोठे गाठ राहिली, कोठे बारीक खडा आहे, कोठे पाणी कमी पडले, हे डोळ्यांना दिसण्याच्या आधी पायाला कळते. चुनखडीचा एक कण राहून गेला, तरी भाजल्यावर मडके तेथे फुटते. चाकावर तर क्षणभर मन ढळून चालत नाही. काठीने चाकाला वेग द्यावयाचा, दोन्ही हातांनी मातीचा गोळा मधोमध स्थिर करावयाचा, अंगठ्याने पोकळ करून भिंत वर उचलावयाची. बोटाचा दाब कणभर वाढला, की कड वाकडी होते. दोऱ्याने कापून उतरविलेले मडके अर्धवट सुकले, म्हणजे आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने हलके हलके थापटीत त्याचा आकार वाढवितात. मग सावलीत वाळवणे आणि शेवटी आवा रचून भाजणे. आव्यातून निघालेल्या मडक्यावर बोटाने टिचकी मारली, की पक्के मडके खणखणीत बोलते आणि कच्चे भद्द वाजते.

अशा कामात नाम आणि हात एकमेकांच्या आड येत नाहीत. हाताची लय ठरलेली असते, श्वास त्या लयीने चालतो आणि नाम त्या श्वासावर बसते. जात्यावर दळताना ओव्या गाणाऱ्या आपल्या आजी-पणजींना हे कोणी शिकविले नव्हते. त्यांना ते अनुभवाने ठाऊक होते.

बालकाचा प्रसंग

आता तो प्रसंग. संतीबाई पाण्याला निघाल्या. रांगते मूल अंगणात होते. त्याच्याकडे लक्ष ठेवावे, असे पतीस सांगून त्या गेल्या. गोरोबा चिखल तुडवीत होते. नामस्मरणाचा रंग चढत गेला, डोळे मिटले, देहाचे भान सुटले. मूल रांगत रांगत चिखलात आले आणि पायाखाली तुडविले गेले. बाई परत आल्या, तेव्हा त्यांना लाल झालेला चिखल दिसला.

भक्तिग्रंथांत या प्रसंगाकडे सामान्यतः देहभान विसरविणाऱ्या भक्तीचे शिखर म्हणून पाहिले जाते. तसे पाहण्याचा भाविकांचा अधिकार आहे. परंतु चरित्र नीट वाचले, तर परंपरेने या घटनेला कोठेही गोड केलेले नाही, ही गोष्ट लक्षात येते. आईचा आक्रोश तिने लपविलेला नाही. संतीबाईंनी पतीला आणि पतीच्या देवालाही कठोर शब्दांत दोष दिला, हे तिने सांगितले आहे. त्या बोलण्याने भजनाचा भंग झाला म्हणून संतापलेले गोरोबा चाकाची काठी घेऊन त्यांच्या अंगावर धावले, हेही तिने सांगितले आहे. संताच्या चरित्रातून इतका अवघड भाग कोणालाही सहज गाळता आला असता. तो गाळला गेला नाही, याला आमच्या मते मोठा अर्थ आहे.

जो तळपाय मातीतला बारीक खडा ओळखत असे, त्या पायाला त्या दिवशी स्वतःचे लेकरू कळले नाही. हा विरोध साधा नाही. मन एका ठिकाणी गुंतून बाकीचे सारे विसरणे म्हणजे तल्लीनता. गुंतलेले असूनही भोवतीचे भान जागे ठेवणे म्हणजे अवधान. पहिली अवस्था आनंदाची खरी, पण ज्याच्यावर दुसऱ्याचा जीव सोपविलेला आहे, त्याला ती त्या घटकेला परवडत नाही. आजच्या घरांतही हे घडते. तेथे नामस्मरण नसते, हातातील मोबाइल असतो. डोळे त्यात बुडालेले असतात आणि लहान मूल जिन्याकडे किंवा पाण्याच्या हौदाकडे निघालेले असते. वारीच्या वाटेवर वाहनांच्या गर्दीत भजनात रंगून रस्त्याच्या मधोमध येणाऱ्या वारकऱ्यांना दिंडीप्रमुख हात धरून कडेला घेतात, तेही याच कारणाने.

शपथ

काठी उगारलेली पाहून संतीबाईंनी विठ्ठलाची आण घातली, की आपणास स्पर्श करू नये. गोरोबांचा हात तेथेच थांबला. रागाच्या भरात निघालेला तो शब्द त्यांनी मात्र कायमचा मानला. पत्नीस स्पर्श करावयाचा नाही, हा नेम सुरू झाला. दिवस गेले, राग निवळला, दुःखही हळूहळू मुरले. परंतु नेम सुटला नाही. वंश कसा चालणार, या चिंतेने संतीबाईंनी माहेरी जाऊन आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी पतीचा विवाह लावून दिला. पाठवणी करताना सासऱ्यांनी दोघी मुलींना सारखेच वागवावे, असे विठ्ठलाची शपथ घालून सांगितले. त्यांना म्हणावयाचे होते ते निराळे आणि गोरोबांनी घेतले ते निराळे. एकीला स्पर्श नाही, तर दुसरीलाही नाही, असा त्यांनी त्याचा अर्थ केला.

पुढे एका रात्री दोघी बहिणींनी निद्रिस्त पतीचे हात उचलून स्वतःवर ठेवले. जागे झाल्यावर आपल्या हातांकडून शपथ मोडली गेली, हे पाहून गोरोबांनी ते हातच तोडून टाकले. ज्या कुंभाराचे सर्व भाग्य हातांत, त्याने हात गमावले. घरात चाक थांबले.

वाचकाला हे सारे आज फार टोकाचे वाटेल आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. कोणी याचे अनुकरण करावे, असे संप्रदायाने कधी सांगितलेले नाही. या सर्व प्रकरणात सर्वाधिक सोसले ते संतीबाईंनी. मूल गेले, पती दुरावला, सवत स्वतःच्या हाताने आणावी लागली आणि शेवटी घराचा आधार असलेले हातही गेले. गोरोबाकाकांच्या दर्शनाला आलेल्या माउलींनी समाधीपुढे माथा टेकताना संतीबाईंचेही स्मरण करावे, असे आम्हांस वाटते.

महिपतीबुवांच्या कथेप्रमाणे भक्ताचा प्रपंच थांबलेला पाहून स्वतः पांडुरंग कुंभाराचे रूप घेऊन, रुक्मिणीमातेसह तेर येथे कामाला आले आणि गरुडाने गाढव होऊन माती वाहिली. त्या विठू कुंभाराने चाक फिरविले, मडकी घडविली, ती हातोहात खपली. ही कथा ऐकताना बालगोपाळ आनंदून जातात. वडीलधाऱ्यांनी त्यात आणखी एक गोष्ट पाहावी. देवाला भक्ताच्या घरी येऊन काय करावेसे वाटले, तर माती तुडवावीशी वाटली.

आषाढी एकादशीस गोरोबा दोन्ही पत्नींसह पंढरपुरी गेले. नामदेव महाराजांचे कीर्तन रंगले होते. नामाचा गजर होताच सारी सभा हात उंचावून टाळ्या वाजवू लागली. गोरोबांनीही आपले थोटे हात वर केले, तो त्यांस पुन्हा पंजे फुटले. संतीबाईंनी देवापुढे पदर पसरला आणि त्यांचे बाळ रांगत सभेतून पुढे आले. रुक्मिणीमातेच्या व पांडुरंगाच्या सांगण्यावरून ती जुनी शपथही सुटली. गोरोबा परत तेरला आले आणि चाकावर बसले.

संतांची परीक्षा

गोरोबांच्या चरित्रातील दुसरा प्रसिद्ध प्रसंग मडक्यांच्या परीक्षेचा आहे. ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव आदी संतमंडळी एकत्र जमली होती. तेरच्या परंपरेप्रमाणे ही बैठक गोरोबांच्याच घरी झाली. या मंडळींत सर्वांनी त्यांना काका म्हणावे, असा त्यांचा मान होता. पारंपरिक सनांप्रमाणे पाहिले, तर ते ज्ञानदेवांहून आठ आणि नामदेवांहून अवघ्या तीनच वर्षांनी वडील होते. सावता महाराज वयाने त्यांच्याहूनही मोठे, पण ते आपला मळा सोडून सहसा कोठे जात नसत. म्हणजे काका हे नाते वयापेक्षा अधिकाराचे होते.

घरात पडलेले थापटणे पाहून मुक्ताबाईंनी त्याचा उपयोग विचारला. कच्चे-पक्के मडके त्याने पारखतात, असे कळल्यावर, जमलेली ही मडकी कोणती पक्की आणि कोणती कच्ची ते सांगावे, अशी सूचना झाली. गोरोबांनी थापटणे हाती घेऊन एकेका संताच्या मस्तकावर हलकेच थापटण्यास प्रारंभ केला. सारे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली, तेव्हा मात्र ते रागावले. आपला अपमान झाला, असे त्यांना वाटले. गोरोबांनी निर्णय दिला, की एवढे मडके अजून कच्चे आहे.

साक्षात पांडुरंग ज्यांच्याशी बोलतो, अशी ज्यांची ख्याती, त्या नामदेवांना कच्चे ठरविण्याचे धैर्य या कुंभारात होते. त्यातही पारखण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गोरोबांनी कोणाला शास्त्रार्थ विचारला नाही, कोणाचे अभंग ऐकले नाहीत, किती जप झाला हे मोजले नाही. एक लहानसा आघात केला आणि आतून कसला आवाज येतो, तो ऐकला. आघात आणि त्यावरचा राग यांच्या मध्ये एक सूक्ष्म जागा असते. ज्याला ती जागा दिसते, तो पक्का. ज्याला दिसत नाही, तो आघाताबरोबरच उसळतो. हीच गोष्ट आजचे मानसोपचारतज्ज्ञ निराळ्या शब्दांत सांगतात.

पारखणारे गोरोबा स्वतः एके काळी काठी घेऊन पत्नीच्या अंगावर धावले होते, हे विसरता येत नाही. भक्तविजयात बालकाची कथा आधी येते आणि परीक्षेची नंतर. हा क्रम ऐतिहासिक असो वा नसो, अर्थाच्या दृष्टीने तो योग्य आहे. पक्के मडके आव्यातून गेलेले असते.

नामदेव दुःखी होऊन पंढरीस गेले. तेथून त्यांना विसोबा खेचरांकडे जाण्याची आज्ञा झाली आणि औंढा नागनाथ येथे त्यांना गुरूपदेश लाभला, अशी कथा आहे. पुढे नामदेवांनी पंजाबपर्यंत भागवत धर्माची पताका नेली आणि शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांच्या रचनांना स्थान मिळाले. तेरच्या थापटण्याचा तो लहानसा आघात इतका दूरवर पोहोचला. गोरोबांच्या नावावरील अभंग मोजकेच, विसाच्या आसपास उपलब्ध आहेत आणि त्यांतील कित्येक नामदेवांनाच उद्देशून आहेत. ज्याला कच्चे म्हटले, त्याच्यावरच काकांचा सर्वांत अधिक जीव होता, हे त्यातून दिसते. अनुभव आला, पण तो सांगता येत नाही, ही भावना या अभंगांत वारंवार येते.

नाम, श्वास आणि स्वास्थ्य

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट वेदना व ताणाने त्रस्त रुग्णांसाठी काही आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला. श्वासाकडे, चालण्याकडे, जेवणाच्या घासाकडे शांतपणे लक्ष देणे, मन भरकटले तर त्यावर न रागावता ते परत आणणे, असे त्याचे स्वरूप होते. बौद्ध परंपरेतील स्मृतीच्या साधनेवर तो आधारलेला आहे. ती साधना आपल्याकडे नवी नाही. इगतपुरीचे विपश्यना केंद्र १९७६ पासून ती शिकवीत आहे आणि प्राचीन तेरमध्येही बौद्ध उपासक होते. स्मृती म्हणजे आठवण, आणि वारकऱ्यांचा शब्दही नामस्मरण, म्हणजे आठवणच. हे साम्य कुतूहल वाटण्यासारखे आहे. दोन्ही मार्गांत भेदही आहे. एकात जे घडत आहे ते केवळ पाहावयाचे असते, तर दुसऱ्यात देवाला हाक मारावयाची असते.

अशा साधनेने काय लाभ होतो, याचा वैद्यकीय अभ्यासही झाला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ध्यानाच्या ४७ चाचण्या, एकूण सुमारे साडेतीन हजार व्यक्तींच्या, एकत्र तपासल्या गेल्या. चिंता, उदासी आणि वेदना यांत अल्प ते मध्यम प्रमाणात उतार पडतो, असे त्यात आढळले. सर्व रोग बरे होतात, असे मात्र आढळले नाही. २००१ मध्ये इटलीतील संशोधकांनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातील मंत्र म्हणणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास केला. दोन्ही प्रकारच्या जपांत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम होतो, असे त्यांना दिसले. भाषा कोणतीही असो, संथ लयीत केलेला जप शरीराला विसावा देतो, एवढे त्यावरून म्हणता येईल.

म्हणून दर्शनाला येणाऱ्या भाविकांस एवढीच विनंती, की घरी परतल्यावर या साधनेसाठी वेगळी खोली वा वेगळी घटका शोधत बसू नये. भाकरी थापताना, अंगण झाडताना, शेतात खुरपताना, कचेरीत फाइल उघडण्यापूर्वी, नाम घ्यावे आणि हाताखाली काय आहे तिकडेही पाहावे. मन दहा वेळा पळाले, तर दहा वेळा परत आणावे. पळाले म्हणून खंत करू नये. वाहन चालविताना, चुलीजवळ किंवा पाण्याजवळ मुले असताना डोळे मिटून जप करू नये. ज्यांना तीव्र निराशेने वा निद्रानाशाने ग्रासले आहे, त्यांनी डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून त्याच्या जोडीला नामस्मरण करावे. उपचार सोडून करू नये.

समाधी

चैत्र वद्य त्रयोदशी, शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ मध्ये गोरोबाकाकांनी तेर येथे देह ठेवला, असे परंपरा मानते. त्या वेळी त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. त्यांच्या कथेने पुढे भाषांच्या सीमा ओलांडल्या. तमिळमध्ये १९४८ साली, कन्नडमध्ये १९७४ साली आणि तेलुगूमध्ये १९७७ साली त्यांच्या चरित्रावर चित्रपट निघाले. दक्षिणेकडून तेरला येणाऱ्या कित्येक भाविकांना ही कथा त्या चित्रपटांमुळे तोंडपाठ असते.

दरवर्षी चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास तेर येथे काकांची यात्रा भरते. समाधीचे दर्शन झाल्यावर त्रिविक्रमाचे मंदिर व पुराणवस्तुसंग्रहालय आवर्जून पाहावे. संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी ठेवलेली आहेत.